हर्शेलच्या तीन डाय

विलिस्टन, नॉर्थ डकोटा
२ सप्टेंबर २०१४

ती. आईस कोडीचा सा. न. वि. वि.

तर नाहीच ऐकलंस. फोनवर दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तुझे बीन्स करपायला लागले आणि तू फोन ठेवलास. म्हणून लिहितोय. कागद तरी मधेच तोडता येणार नाही.

११ ऑक्टोबरला नेमबाजीच्या क्लबात डॅडींच्या नावाची ‘हर्शेल मॅच’ आहे, त्यांच्या जागी तू उभी राहणार, त्यांच्याच रिव्हॉल्वरने नेम धरणार. इथवर माझी काही तक्रार नाही. क्लबातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तू झोपेत हरवशील. पण काडतुसंही घरीच भरायची, आणि तीही प्रेसवर चढवायच्या त्यांच्या त्या जुन्या साच्यांवर, डायवर? आयुष्यात एक काडतूस भरलं नाहीस. अगं, त्या साध्या पोलादाच्या आहेत. पहिल्या डायमध्ये काडतुसाची वापरलेली पितळी पुंगळी दाबून परत मापात आणायची असते. पोलादी डाय असली की एकेका पुंगळीला आधी तेल चोळा, आणि जरा कमी पडलं की ती आत रुतून बसते. नवशिक्याने कार्बाइडची डाय घ्यावी, तेलाची कटकटच नाही. दुकानात जा, पॉइंट थर्टी-एट स्पेशलचा तीन डायचा संच माग. दुकानदार गप्पा मारत रायफलचा हातात देईल, तो आणू नकोस.

इथे ड्रिलिंगचं काम बारा-बारा तास आहे. जेवतो नीट. राग मानू नकोस, पण ऐक.

तुझा
कोडी

स्टोनी फोर्क, केंटकी
८ सप्टेंबर

चि. कोडीस आईचे आशीर्वाद.

नववीत शाळा सोडलीस तेव्हा तुला आजारपणाची चिठ्ठी धड लिहिता येत नव्हती. आता पानभर उपदेश येतो. तेलाच्या विहिरींनी काहीतरी शिकवलं म्हणायचं.

पुंगळी अडकली. सांगून टाकते, नाहीतर क्लबात मॅचची नावं लिहून घेणारा डेलमार तुला कळवेलच. तो हातोडा घेऊन आला होता आणि म्हणाला, व्हर्ना, हे बायकांचं काम नव्हे. मी म्हटलं, डेलमार, तुझ्या बायकोने तुझी गाडी तीनदा खड्ड्यातून ओढून काढली आहे, बस तिथे व्हरांड्यात. शनिवार गेला, पण ड्रिलने भोक पाडून मी ती काढली. डायला ओरखडाही नाही.

नवा संच मात्र आणणार नाही. घरात चांगल्या तीन डाय असताना दुकानदाराची भर कशाला? तुझ्या डॅडींनी सत्तावीस वर्षं त्यांच्यावरच काडतुसं भरली. तेल मी आता जास्त लावते, झालं.

टोमॅटो संपत आले. तुझ्यासाठी चाउचाउ लोणच्याच्या सहा बरण्या बाजूला ठेवल्या आहेत. थंडी पडायच्या आत जाड मोजे घे.

आठवण ठेवणारी
आई

विलिस्टन
१४ सप्टेंबर

ती. आईस सा. न.

जास्त तेल लावते, झालं. वाचून मी डोकं धरून बसलो. बाजूच्या खाटेवरच्याने विचारलं, घरी कोणी गेलं का. म्हटलं, नाही, घरी कोणी ऐकत नाही. अगं, तेल जास्त झालं की पुंगळीला पोचे पडतात, आणि तेच तेल बुडाच्या ठिणगीच्या टोपीत नाहीतर बंदुकीच्या दारूत गेलं तर काडतूस फुटतच नाही. आणि दारू किती, ते पुस्तकात बघून तोलूनच घालायची, डेलमारला विचारून नाही.

हट्टच असेल तर निदान धड कर. त्या डाय उघड. वरच्या कड्यांचे बारीक स्क्रू सैल कर, कड्या काढ, आतले दांडे काढ, सगळं रॉकेलमध्ये भिजव, ब्रशने घास, पुसून कोरडं कर. मग पुस्तक उघडून पहिल्यापासून नव्याने बसव. जुन्या मांडणीवर विसंबू नकोस. एवढं तरी माझं ऐक. एकदाच.

तुझा
कोडी

स्टोनी फोर्क
२१ सप्टेंबर

चि. कोडीस आशीर्वाद.

ऐकलं. तू म्हणालास तसंच केलं. सगळं सुटं करून पावाच्या ट्रेमध्ये मांडलं, घासलं, पुसलं. चकचकीत झालं. आणि कडी हातात घेतल्यावर लक्षात आलं, मी काय केलं ते.

तिसऱ्या डायची ती कडी तुझ्या डॅडींनी आवळलेली होती. गोळी किती आत बसावी, पुंगळीचं तोंड किती मुडपावं, ते सगळं त्या कडीच्या जागेत होतं. त्यांचे कोट मी चर्चला दिले, औषधं फेकली. त्यांच्या हातांनी लावलेलं, लावलं तसंच राहिलेलं, घरात तेवढंच उरलं होतं. म्हणून नवा संच नको होता. तुला सांगायला हवं होतं, पण तू उपदेशातून श्वास घेशील तर ना.

पुस्तक बघून चार दिवस बसवते आहे. कधी गोळी इतकी बाहेर राहते की रिव्हॉल्वरचं चक्र फिरत नाही, कधी पुंगळी दुमडते. त्यांच्यासारखं एकही होत नाही. दुकानची काडतुसं घेऊन मी त्यांच्या जागी उभी राहणार नाही. रविवारी चर्चनंतर डेलमारला सांगून नाव काढून घेते.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे.

आई

विलिस्टन
२६ सप्टेंबर

ती. आईस कोडीचा सा. न.

नाव काढलं असशील तर उद्याच परत घाल. डेलमार कुरकुरेल, कुरकुरू दे.

पत्र वाचून ट्रकमध्ये जाऊन बसलो. आठ महिने झाले त्यांना जाऊन, आणि मी तुला कार्बाइड शिकवतोय.

पाकिटात कापसात गुंडाळलेलं काडतूस आहे. घाबरू नकोस, पोस्टात चालतं. त्यात दारू नाही, टोपीही नाही, बुडाचं भोक बघ. मी तेरा वर्षांचा असताना त्यांनी मला प्रेसपाशी उभं केलं आणि म्हणाले, आधी मुकं काडतूस करून दाखव, बोलकं नंतर. लीव्हर मी ओढला, मांडणी त्यांची. तेव्हापासून माझ्या दाढीच्या सामानात आहे. कुणाला दाखवलेलं नाही.

ते प्रेसमध्ये लाव आणि वर ने. तिसरी डाय, आतला दांडा आधी वर घेऊन आणि कडी सैल ठेवून, हलकेच खाली फिरव, पुंगळीच्या तोंडाला टेकली की थांब. कडी आवळ. मग आतला दांडा गोळीला टेकेपर्यंत फिरव, तोही आवळ. त्यांचं माप परत येईल. मधली डाय पुंगळीचं तोंड जरासं फुलवते, तिचं नव्याने लाव, चालतं. काम झालं की काडतूस तिथेच ठेव. इथे मला त्याचा काही उपयोग नाही.

तेल नको, कुस्तीही नको. पहिली डाय तेवढी कार्बाइडची घे, ती सुटी मिळते. बाकी दोन त्यांच्याच राहू देत.

माझ्याकडून वाकडं बोलणं झालं ते पोटात घाल.

तुझा
कोडी

ता. क. त्या कार्बाइडच्या डायसाठी मनीऑर्डर सोबत आहे, परत पाठवू नकोस. बावन्न डॉलर.