बगळ्याबरोबर तळं हललं

मंगळवार, ११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. जाऊबाई म्हटलं की तुम्ही भांडायला उठता, म्हणून ताईच. दादांचा गुडघा कसा आहे? इथे सगळे ठीक. तुमचे भावजी अजूनही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात.

हे तिसरं पत्र. दोन फाडली. चार ओळी लिहिते, उठते, खिडकी लावते, परत उघडते. जीव थाऱ्यावर नाही.

आधी कामाचं. आपल्या त्या रडतराऊ कॉम्प्युटरसाठी शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तुम्ही किती वेळा म्हणायचात, "अगं, त्याला बोलाव," आणि मी म्हणायचे, "त्यात काय, मी बघते!" त्याने मेमरी दुप्पट केली. तात्पुरत्या कामाची जागा वेगळ्या, वेगवान डिस्कवर हलवली. सहाशे फॉन्ट होते, त्यातले वापरातले चाळीस ठेवले. मोठे फोटो फाइलच्या पोटात न कोंबता बाहेरून जोडायला शिकवलं. झालं! अर्ध्या दिवसाचं काम. आता नऊ जीबीची फाइल चहा गाळून होईस्तोवर उघडते.

तो गेल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

संग्रहालयाची पक्ष्यांची भिंत आठवते ना? काय विचारतेय मी, तुम्ही कशा विसराल! भिंतीवर छापून लावायचं चाळीस फुटी चित्र, एकशे अठरा पक्षी, प्रत्येक वेगळ्या थरावर, हवा तो उचलून हलवता यावा म्हणून. पाच महिने तुम्ही एकेक पीस काढलंत. एक रेघ ओढली की मशीन गोल फिरवत बसायचं. मग एके सकाळी संग्रहालयाच्या बाई बघायला आल्या. त्यांना बगळा जरा डावीकडे हवा होता. तुम्ही ओढलात, तर बगळ्याबरोबर आख्खं तळं हललं. सगळे थर एकमेकांत चिकटलेले. मी बाईंच्या देखत म्हणाले, "काल शेवटी ताईच मशीनवर होत्या."

तुम्ही नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "असेल गं. हल्ली माझं लक्ष राहत नाही."

ताई, ते मी केलं होतं.

आदल्या दुपारी तुम्ही नवा चष्मा आणायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होतात. फाइल हलकी करावी म्हणून मी थर एकत्र केले. प्रत काढून तिच्यावर करायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी मूळ फाइलवरच केलं आणि सेव्ह करून मोकळी झाले. वरून चित्र तसंच दिसतं. संध्याकाळी तुम्ही येऊन नुसतं पाहिलंत आणि बंद केलंत. रोजची राखीव प्रतही तोवर त्याच बिघडलेल्या फाइलने पुसली गेली होती. मला रात्रीच कळलं होतं, ताई. सकाळी बाई यायच्या आधी सांगता आलं असतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या ह्याच.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही पेन हातात धरलं नाही. इथून जायला दादांच्या बदलीचं निमित्त झालं, बाकी काही नाही. "माझे हात आता भरवशाचे नाहीत," असं तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, ते मी दाराआडून ऐकलं. आणि भाजी चिरत राहिले. मला माझीच किळस येते.

गेल्या सोमवारी त्या बाईंनी बोलावलं. आता फुलपाखरांची भिंत हवी आहे. म्हणाल्या, "तुम्हीच कराल ना? त्या थोरल्या नकोत हं, मागे फार घोळ झाला." मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि सगळं सांगून बसले. तुमच्या भावजींनाही ते त्याच संध्याकाळी कळलं. अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "कामाचं त्यांनाच विचारते. आणि तुम्ही मध्ये नकोत."

बरोबरच आहे. परवा त्यांचा फोन येईल. मशीन उद्या गाडीने तुमच्याकडे निघतंय, परत पाठवू नका. माझ्याशी बोलू नका, हवं तर आयुष्यभर बोलू नका, पण तो फोन उचला. तुमच्या हातांना कधीच काही झालं नव्हतं, ताई.

तुमची, अजून म्हणू देत असाल तर,
धाकटी