चालताबोलता

४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काका जाऊन महिना झाला. भेटायला आलेला प्रत्येक जण दारात एकच वाक्य बोलून गेला, की चालताबोलता माणूस गेला. ते वाक्य बाबांच्या मनात रुतून बसले आहे. धाकट्या भावाच्या हृदयाने दगा दिला, मग आपल्या हृदयाचा काय भरवसा, असे ते म्हणत नाहीत. वागतात मात्र तसे.

घड्याळे दुरुस्त करण्यात बाबांचा उभा जन्म स्टुलावर बसूनच गेला, हे तू जाणतेस. आता दुकान बंद करून आले, की ते इमारतीचा जिना थेट गच्चीपर्यंत चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. ओठ घट्ट मिटलेले असतात. मी पुस्तक उघडून दाराशी बसते. डोळे पानावर आणि कान पावलांवर. काल पावले मधेच थांबली. धावत गेले, तर बाबा कठडा धरून उभे होते, चेहरा राखेसारखा. मला पाहताच म्हणाले, की चपलेचा अंगठा सैल झाला होता. त्यांच्या पायांत चप्पल नव्हती.

आई म्हणते, माणूस व्यायाम करतो आहे, त्यात घाबरण्यासारखे काय. बाबांना अडवण्याचे धैर्य मला होत नाही. तू शाळेत मुलींना कवायत शिकवलीस. काय करावे, ते कळव.

लोभ असावा, आणि जमल्यास थोडा धीरही पाठवावा.

तुझी,
वाळवी

९ जुलै

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. एक भाऊ गेला. दुसरा जिन्यात घालवायला मी तयार नाही. पत्र मिळताच त्याला डॉक्टरकडे ने आणि चपलेची गोष्ट त्याच्यासमोर सांग. लाजू नकोस. पुस्तकं कुरतडताना लाजतेस का? तोवर जिना बंद.

डॉक्टर हो म्हणाले, तर सपाटीवर चालू दे, तेही दमाने. मैदानावर मी मुलींना सांगायची, की पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं, की वेग जास्त झाला. बोलता येईल इतकंच चालायचं, पण रोज. तू बरोबर जा आणि त्याला बोलतं ठेव. मुखदुर्बळ बापाची मुखदुर्बळ लेक, ठाऊक आहे मला. माझा निरोप दे, की किल्ली फार पिळली तर घड्याळाची कमान तुटते, हे घड्याळजीला मी सांगायचं का?

तुला म्हणून सांगते, ते वाक्य माझ्याही मनात बसलं आहे, महिनाभर मी घराबाहेर पडलेली नाही.

लोभ आहेच, उत्तराला उशीर लावून त्याची परीक्षा पाहू नकोस.

तुझी आत्या

२१ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांसमोर माझा आवाज फुटेना. तरी चपलेची गोष्ट सांगितली. बाबा छताकडे पाहत राहिले. हृदयाचा आलेख काढला, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. जिना तूर्त वर्ज्य, सपाटीवर सावकाश चालण्यास मुभा.

पाण्याच्या टाकीपर्यंत आम्ही पहिले दोन दिवस मुक्याने चाललो. एवढे वाचलेले, पण ऐन वेळी एक विषय सुचेना. शेवटी तुझा निरोप दिला. बाबा रस्त्यातच संतापले. जास्त किल्लीने कमान तुटते ही गिऱ्हाइकांची समजूत आहे. घड्याळ पेटीत पडून राहिले, की तेल वाळते आणि मग ते बंद पडते. ताईने आपली शिट्टी सांभाळावी. असे ते टाकी येईपर्यंत बोलत होते. धाप लागली नाही. आता रोज एका घड्याळाची हकीकत ऐकते.

भीती गेलेली नाही. काल टाकीजवळच्या लहानशा चढावर ते वाक्याच्या मध्यावर थांबले. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की थांब जरा, दम घेऊ दे. या वेळी त्यांनी चपलेला दोष दिला नाही. आम्ही कट्ट्यावर टेकलो. बऱ्याच वेळाने राहिलेले वाक्य पूर्ण झाले.

आता तूही पेटीतून बाहेर ये. सोबत नसेल, तर मला बोलावून घे. मी बोलायला शिकते आहे.

लोभ असावा, आणि तो रोज थोडा थोडा चालता राहावा.

तुझी,
वाळवी

ता. क. शेजारच्या काकूंनी आत्ताच दारातून विचारले, की वडील कसे आहेत. मी म्हणाले, फिरून आले, चालतेबोलते.