ओल्या कानावरची थप्पड

१२ जानेवारी १९२०, सोमवार
पुण्याहून उत्तर आलं! ऑलिंपिकच्या निवडीसाठी कोल्हापुरातून एकच पोहणारा पाठवा — शंभर यार्ड, ज्याला जसे जमतील तसे हात मारून. पंचवीस वर्षांपूर्वी कॉलेजात शिकलेलं इंग्रजी मुलींच्या शाळेच्या अहवालांपलीकडे पहिल्यांदा कामी आलं.
लायक दोघेच. सिकंदर पिंजारी, वय एकवीस, कापूस पिंजून पिंजून खांदे दगड झालेले. दुसरा तालमीतला सयाजी. एक फेब्रुवारीला कोटीतीर्थ तलावात दोघांची शर्यत. जिंकेल तो जाईल. माझा सिकंदर जाईल.

१५ जानेवारी
सिकंदर म्हशीसारखा मान वर काढून पोहतो. विलायती पुस्तकातलं चित्र दाखवलं — तोंड पाण्यात, श्वास बगलेकडून. म्हणतो, "तोंड पाण्यात घालून मढं तरंगतंय की, बाईसाहेब!" पोटरीवर छडी दिली. घातलं तोंड.

२० जानेवारी
सयाजीने आज त्याला पाण्याखाली दाबून धरलं. घड्याळ माझ्या हातातच होतं — अडतीस सेकंद! सिकंदर वर आला तो ओकत, नाकातून रक्त. सयाजी हसतोय, "तोंड पाण्यात घाल म्हणून बाईसाहेबच म्हणाल्या की!" सिकंदरने त्याच्या दातांवर ठोसा हाणला. मग दोघे पायऱ्यांवर लोळले, एकमेकांचं डोकं दगडावर आपटत. काठावरची माणसं सोडवायचं सोडून ओरडत होती — "हाण! हाण त्येला!" मी मध्ये पडले. लुगड्यावर रक्त. कोणाचं, कळलं नाही.

२४ जानेवारी
एकाहत्तर सेकंद. शेवटच्या वीस यार्डांत पुन्हा मान वर. आज पाचव्यांदा! बाहेर आला तशी मी कानाखाली दिली. उघड्या पंजाने, सगळ्या जोराने. कान पाण्याने भरलेला. बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला. तो मटकन खाली बसला.
"ऊठ," म्हणाले.
उठला. पोहला. अडुसष्ट.

२६ जानेवारी
त्याची आई खैरुनबी शाळेच्या दारात आली. हातात उशी. उशीवर रक्त आणि पू. डाव्या कानाचा पडदा फाटला, डॉक्टर म्हणाले, आता ऐकू येणार नाही.
"त्या सयाजीनं दाबून धरून माझ्या लेकराला बहिरं केलं, बाईसाब! सिकंदरच म्हणाला."
मी तिला आत बसवलं. पाणी विचारलं.

२७ जानेवारी
सिकंदरला गाठलं. खोटं का बोललास?
"तुमचं नाव घेतलं असतं तर अम्मीनं तळ्यावर पाय ठिवू दिला नसता. आन् पुण्याला कागद कोण लिहिणार?"
थोरला भाऊ ख्वाजा भडक डोक्याचा. तो काही करून बसेल, म्हटलं.
"त्यो नुस्ता बोलतोय."
खरं सांगायलाच हवं. शर्यत झाली की सांगेन.

३० जानेवारी
ख्वाजाने सयाजीला गोठ्यात गाठलं. दांडकं घेऊन. उजवा हात कोपराखाली तीन ठिकाणी मोडला, हाड कातडीबाहेर आलं, शेणात. शेजारची धोंडुबाई आत धावली होती. सांगते, हात लोंबला तरी ख्वाजा मारतच होता — "माझ्या भावाचा कान घेतलास, आता तुजा हात आण!" आणि सयाजी किंचाळत होता, "कान? कुठला कान रं?"
ख्वाजा चौकीत.

१ फेब्रुवारी, रविवार
सिकंदर एकटाच पोहला. सहासष्ट. तोंड शेवटपर्यंत पाण्यात. इतका सुरेख पोहला की राग आला.

२ फेब्रुवारी
फौजदार घरी आले. "बाईसाहेब, सयाजीनं सिकंदरला बुडवून धरलंतं, खरं काय?"
खरं आहे, म्हणाले. सेकंदही सांगितले. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. शाळेत एखादी मुलगी असं करते तेव्हा मी तिला तासभर बाकावर उभी करते.

९ फेब्रुवारी, पुणे
पिस्तुलाच्या आवाजावर उडी मारायची. पिस्तूलवाला उजव्या बाजूला राहील अशी जागा मागून घेतली. कारण सांगितलं नाही.
पहिला! दोन हातांच्या अंतराने! मुंबईच्या शेवटच्या चाचणीला नाव गेलं. ओल्या अंगानेच पाया पडला. डोक्यावर ठेवायला मी हात उचलला — त्याने झटक्यात मान चुकवली.

११ फेब्रुवारी
सयाजी सकाळी गेला. धनुर्वात. धोंडुबाई म्हणाली, पाठीची कमान झाली होती, दातखीळ उचकटेना. ख्वाजावर आता खुनाचा खटला.
चौकीत जायला चपला घातल्या. दारात सिकंदर, दोन्ही हात चौकटीला लावून.
"मुंबईहून आल्यावर सांगा, बाईसाहेब."