सव्वाआठ इंचाचं मनगट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ठरलं! साखरपुडा तेवीस तारखेला. आणि घड्याळ मी निवडणार!!

मुलाच्या मनगटावर मुलीकडचं घड्याळ बांधायचा तो कार्यक्रम असतो ना — पप्पा बांधणार, सगळे टाळ्या वाजवणार, फोटोवाला "अजून एकदा काका" म्हणणार — ते घड्याळ. पप्पा जेवताना म्हणाले, "इतके दिवस मोबाइलमंधी घड्याळंच पाहून राह्यली ना? मंग घे आता. पास होऊन दाखव." गणिताचे मास्तर. घरात सगळ्याची परीक्षाच असते.

मी एक पोळी जास्त खाल्ली.

४ नोव्हेंबर

घड्याळवेड्यांच्या ग्रुपवर विचारलं — नवरदेवासाठी किती मिलिमीटरची डायल? झालं! दुपारपर्यंत दोनशे मेसेज. चेन्नईचा एक काका म्हणतो, चाळीसच्या वर गेलं की ते भिंतीवर लावायचं. दुसरा म्हणतो, डायल किती पण असू द्या, जाडी बघा. दहाच्या वर गेली की शर्टाच्या बाहीत अडकते. त्यानं बाहीचा फोटो पण टाकला. त्या फोटोतल्या घड्याळात आमची अख्खी गल्ली विकत येईल, पण माणूस भांडतो एका मिलिमीटरसाठी! मला हे लोक फार आवडतात.

माझं मत फिक्स आहे. छत्तीस. जाडी नऊच्या आत. बारीक, पातळ, बाहीखाली गुपचूप बसणारं.

संध्याकाळी दीपमाला आत्या आली. तिला आकडा सांगितला.

"छत्तीस? ते का घड्याळ आहे? बटन आहे ते! मागच्या खुर्चीवरून दिसलं पाह्यजे."

"आत्या, घड्याळ टाइम पाहायला असतं."

"टाइम मोबाइलमंधी दिसते. घड्याळात घराणं दिसते."

आईला विचारलं, तुला कसं आवडतं? ती पोळ्या लाटून राहिली होती. मानसुद्धा वर केली नाही. "मले काय समजते त्यातलं?"

६ नोव्हेंबर

एक भीती लिहून ठेवते.

पप्पांना पण साखरपुड्यात घड्याळ मिळालं होतं. आईच्या बाबांकडून. ते कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, लाल मखमली डबीत. दिवाळीच्या साफसफाईत आई डबी बाहेर काढते, पदरानं पुसते, परत ठेवते. यंदा पण ठेवली. मी एवढी घड्याळवेडी, पण ती डबी माझ्या हातात कधी दिली नाही. पप्पांना ते घालताना मी एकदाही पाहिलं नाही. विचारलं की म्हणतात, "सांभाळून ठेवलं आहे." आणि आई लगेच दुसऱ्या खोलीत जाते.

मला तसं नकोय. मी दिलेलं घड्याळ त्यानं रोज घालावं. बँकेत, बाइकवर, भाजी आणताना. कपाटात गेलं तर मी मेली!

७ नोव्हेंबर

सौमित्रचा फोन. अमडापूरच्या बँकेत असतो, चिखलीहून रोज बाइकनं अपडाउन. माणूस चांगला आहे. आवडलाय. (हे पान कुणी वाचू नये.) पण एक प्रॉब्लेम आहे.

"तुम्हाला मोठं घड्याळ आवडतं की बारीक?"

"तुम्हाला आवडेल ते."

"चामड्याचा पट्टा की चेन?"

"तुम्ही म्हणाल ते."

परवा चहा की कॉफी विचारलं, तरी हेच! मुलगा आहे की विहीर आहे? जे ओरडावं तेच परत येतं.

९ नोव्हेंबर

मनगटाचं माप कसं काढायचं? त्याला विचारलं तर म्हणणार, तुम्ही म्हणाल तेवढं. पाहायला आले होते तेव्हाचे फोटो झूम करून करून पाहिले. फोटोत मनगट मोठं होतं, घड्याळ मोठं होतं, आत्याचं नाक पण मोठं होतं. काही खरं नाही.

आई मागून म्हणाली, "दोन-दहा."

"काय दोन-दहा?"

"त्याच्या हाताचं माप. पोह्याची प्लेट घेतली तवाच पाह्यलं मी."

अरे हो! आईची नजर! बाजारातला बांगडीवाला पण नवी गिऱ्हाईक आली की आईलाच विचारतो, वहिनी, पाहा बरं हिला काय बसते. आजपर्यंत आईचं माप चुकलं नाही.

मी लगेच गणित मांडलं. बांगडीच्या मापात दोन-दहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांपैकी दहा. एवढा व्यास. गुणिले बावीस सप्तमांश. उत्तर — सव्वाआठ इंच!

सव्वाआठ!! मनगट आहे की खांब? पप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तपासलं आणि बरोबरची खूण केली. "करेक्ट. पूर्ण मार्क."

सव्वाआठ इंचावर छत्तीस म्हणजे खरंच आत्याचं बटन. चेन्नईच्या काकांनी पण हात टेकले. "बेटा, मग चव्वेचाळीसच." (चव्वेचाळीस म्हणजे फोर्टी-फोर ना? पप्पांना विचारून कन्फर्म केलं. हसले. हसू दे.)

स्वतःचा धर्म सोडताना कसं वाटतं, ते आज कळलं.

१४ नोव्हेंबर

अकोल्याहून घेतलं. चव्वेचाळीस. जाडी साडेतेरा. खोका उचलला तर वाटलं आत अडकित्ता आहे. आत्यानं छातीशी धरला — "आत्ता कसं!"

आईनं लांबूनच पाहिलं.

२३ नोव्हेंबर, रात्री

साखरपुडा झाला.

पप्पांनी घड्याळ बांधलं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला. तरी खाली आलं. सौमित्रनं हात वर केला, तर ते सरकत सरकत कोपराकडे निघालं. टाळ्या चालूच. मग त्यानं शक्कल काढली — हात छातीजवळ आडवा धरून ठेवला. पूर्ण कार्यक्रमभर! पेढ्यांचा बॉक्स दोन्ही हातांनी घेता येईना, फोटोत अंगठीचं बोट दाखवता येईना. आत्याच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "नवरदेवाच्या हाताले लागलं का वं?"

मी त्याच्या मनगटाकडे पाहून राहिली होती. कुठे सव्वाआठ? साडेसहा! जास्तीत जास्त साडेसहा!

आईचं माप कसं चुकलं?

२४ नोव्हेंबर

आईचं माप चुकलं नाही. बांगडी पंज्यावरून चढते! माप पंज्याचं असतं, मनगटाचं नाही! पंजा रुंद आहे त्याचा. रोज बांगड्या घालणारी बाई हे सांगते आणि मी त्याला बावीस सप्तमांशानं गुणते. इंजिनिअर म्हणे.

पप्पांनी माझे मार्क कापले. मी म्हटलं, तपासणारे तुम्हीच होते! तर पेपर उघडून बसले.

२६ नोव्हेंबर

फोन केला. "खरं सांगा, सैल होतं ना?"

"छे! मस्त आहे. हवा खेळती राहते."

हवा!! म्हणजे हा पण सांगणार नाही. दोन महिने घालेल, मग "सांभाळून ठेवलं आहे". मला आत्ताच त्यांचं कपाट दिसून राहिलं आहे. वरचा कप्पा.

परत करायचा विषय काढला, तर आत्या म्हणाली, बांधलेलं घड्याळ परत नेतात का कुठं, अपशकुन करते का.

३० नोव्हेंबर, रविवार

आज तो जेवायला आला. घड्याळ घालून! मी खूश. मग हात धुवायला गेला, बाही वर केली — पट्ट्याखाली रुमाल! चार घड्या घालून भरलेला. ओला झाला म्हणून बिचारा बेसिनजवळ उभा राहून पिळून राहिला होता.

मी काही बोलायच्या आत पप्पा उठले. आई तेव्हा आत्याकडे डबा द्यायला गेली होती. पप्पांनी कपाट उघडलं, लाल डबी आणली आणि स्वतःच्या मनगटावर ते घड्याळ लावलं. चेन पुरेना. मधे दोन बोटं मावतील एवढी फट. कॉलेजात कबड्डी खेळलेलं मनगट ते, बसणार कसं!

"सौमित्रराव, पाहून घ्या. सासऱ्यानं हौसेनं डबी हातात दिली, घरी येऊन लावलं तर हे असं. लहान आहे म्हणलं तर त्याईले वाईट वाटन, म्हणून बोललो नाही. मंग बोलायची वेळच निघून गेली. तुम्ही असं करू नका. आत्ताच बोला."

सौमित्र माझ्याकडे पाहून राहिला. मी म्हटलं, "काऊन गप्प? बोला ना!"

"खरं सांगू? मले... बारीकच आवडते. हे म्हणजे हाताले तवा बांधल्यासारखं वाटते."

मले! आवडते! पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी बोलला! मी इतकी हसली की पप्पा घाबरले.

मग पप्पांनी लाल डबीतलं त्याच्या हातावर लावलं. चेन टक्कन बसली. मी कॅलिपर आणून मोजलं. चौतीस! जाडी सात!! ग्रुपवरचे लोक असं घड्याळ शोधत रडतात आणि ते माझ्या डोक्यावरच्या कप्प्यात होतं! चावी दिली. चाललं!

तवा पप्पांच्या हातावर गेला. एकदम फिट. पप्पा आरशासमोर दोनदा जाऊन आले.

सौमित्र चौतीस घालून चिखलीला गेला. हात खाली सोडून, माणसासारखा.

पप्पा म्हणाले, आईला मी सांगतो. रात्रीपर्यंत सांगितलं नाही. पूर्ण बाह्या खाली ओढून बसले आहेत. साडेतेरा जाडी, बाहीला टेंगूळ आलंय.

१ डिसेंबर

आईला रिकामी डबी सापडली. पप्पांनी सगळं सांगितलं. आई डबी हातात धरून बसली, मग मला म्हणाली, "बाबांनी नव्हतं घेतलं ते. मी पसंत केलं होतं. बाबा दुकानाबाहेर सायकल धरून उभे होते. तुह्या पप्पाले माही पसंतच आवडली नाही, असं समजून बसली होती मी."

आता लिहून राहिली आहे तर शेजारी येऊन बसली. विचारते — "काय वं, तुह्या ग्रुपवाल्याइले विचार बरं. बाईच्या हाताले चौतीस बरं दिसते का छत्तीस?"