पिटुनियाचे शेंडे

रविवार, संध्याकाळ. बारामती, खोलीवर.

आज खिडकीतल्या खोक्यात पिटुनिया फुलली. मागं पांढरी, पुढं जांभळी, जाळीतून खाली लोंबणारी. जोडी मीच लावली, पण फुलवली घरमालकीण काकूंनी.

माझी डबल शिफ्ट होती तेव्हा तात्यांनी, म्हणजे घरमालकांनी, मायेनं त्यात उसाचा युरिया टाकला. झाडं नुसती वाढली, फूल एक नाही. मग एक दिवस बघतो तर सगळे शेंडे काकूंच्या पदरात! मी ओरडलोच. पगार झाला की खोली सोडायची म्हणून बॅगसुद्धा भरली.

काकू हसल्या. "हरभऱ्याचं शेंडं खुडत न्हाईत व्हय तुमच्याकडं? फुटवा येतोय बघ."

तात्या त्यांना म्हणाले, "भाजी नको करूस म्हंजी झालं."

आला की फुटवा. खुडल्या जागी दोन-दोन फांद्या, वर फुलं. त्या पदरातल्या शेंड्यांसाठी मी काय काय बोललो! काकूंनी मनावर घेतलं नाही, हे माझं नशीब. गाव सोडल्यापासून मी कुठंच टिकलो नाही.

आईला फोटो पाठवला. तिनं विचारलं, "तू कामावर गेल्यावर पाणी कोण घालतं रे?"

काकूच घालतात.

आत्ता टॉवेल काढायला बॅग उघडली, आणि सगळीच रिकामी केली.