मुलांना अस्वल सांगायचं

१८ सप्टेंबर १९७४, बुधवार

नाही म्हणून सांगितलं.

रेंजर साहेब आज जीप घेऊन थेट घरापर्यंत आले. सासूबाईंनी अंगणात खाट टाकली, चहा दिला. मी दाराआड उभी, पदर डावीकडून ओढून. पुढच्या महिन्यात वन्यप्राणी सप्ताह आहे म्हणाले. जंगलाच्या चौकीजवळ मांडव घालणार, चार गावच्या शाळांची मुलं आणणार. मुलांनी जंगलात कसं वागावं, ते मी सांगावं. ज्याच्यावर बेतलं त्याच्या तोंडून ऐकलं की लक्षात राहतं म्हणे.

तोंड! शब्द निसटला ते त्यांच्याही ध्यानात आलं. कपातल्या चहाकडं बघत बसले बिचारे. मला काही वाटलं नाही.

१९ सप्टेंबर

तुरीचं निंदण. बाकी काही नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

दोन वर्षं सहा महिने झाले. मोहफुलं वेचायला पहाटेच गेलो होतो, मी आणि हे. नाव लिहिते, इथं कोण ऐकतं — जानराव. अस्वलीण होती, पाठीवर दोन पिलं. मला आठवतो तो वास आणि तोंडावर आलेले केस. एवढंच सलग आठवतं. पुढं तुकडे आहेत, आणि मग अकोल्याचा दवाखाना.

डावा डोळा गेला. डाव्या गालाला काही कळत नाही. जेवताना भाजी लागून राहिली तर सासूबाई खुणेनं सांगतात. तेव्हापासून घर आणि वावर, वावर आणि घर. सातवी शिकलेली म्हणून बाया पत्र वाचून घ्यायला यायच्या, त्याही आता मास्तरकडं जातात.

जानराव वाईट नाहीत. मला माहेरी धाडलं नाही, दुसरी आणली नाही. गावातल्या बाया म्हणतात, सरस्वतीनं नशीब काढलं. फक्त माझ्याशी बोलताना ते दाराच्या चौकटीकडं बघून बोलतात.

२५ सप्टेंबर, बुधवार

साहेब पुन्हा आले. या खेपेला माझ्याकडं नाही, यांच्याकडं. सप्ताहातल्या रविवारी यांचा सत्कार करायचा आहे. शाल आणि नारळ. अस्वलाच्या तावडीतून बायकोला सोडवलं म्हणून. हे आधी नको नको म्हणाले. मग सासूबाईंनी हो म्हणायला लावलं. मग म्हणाले, बरं, येतो.

आजवर कुठंही लिहिलं नाही, वहीतसुद्धा नाही. आज लिहिते.

त्यांनी कुऱ्हाड उगारली नाही. ते झाडावर होते. मी खाली पडलेली. उजव्या डोळ्यानं वर पाहिलं तर फांदीवर त्यांचे पाय दिसले. एका पायात जोडा नव्हता. अस्वलीण आपणच गेली, पिलांच्या मागं. गावात त्यांनी सांगितलं, कुऱ्हाडीनं हाकलली. मी दवाखान्यातून येईपर्यंत ती गोष्ट पक्की होऊन गेली होती. अडीच महिन्यांनी घरी आले तर सासूबाई मलाच सगळं रंगवून सांगत होत्या.

मी काही म्हटलं नाही. आधी तोंड शिवलेलं होतं म्हणून. पुढं तशीच सवय पडली म्हणून.

२६ सप्टेंबर

साहेबांना निरोप धाडला — बोलीन.

का, ते सांगता येत नाही. राग नाही. राग तरी असता तर बरं झालं असतं.

२ ऑक्टोबर, बुधवार

कडूबा न्यायला आला. जंगलखात्यात मजूर आहे, वीस वर्षं झाली असतील. त्या दिवशी जानराव आणि त्यानं मिळून मला गाडीत घातलं होतं. साहेब म्हणाले होते, मुलांना काय काय दाखवायचं ते आधी बघून घ्या. म्हणून गेले.

अडीच वर्षांनी जंगल. कडूबानं अस्वलानं उकरलेलं वारूळ दाखवलं, सालईच्या खोडावर नख्यांचे ओरखडे दाखवले. बोट फिरवून पाहिलं. ओरखडे खोल होते. मी भीती येण्याची वाट बघत होते. आली नाही. पाखरं ओरडत होती, कडूबा त्यांची नावं सांगत होता आणि मी हो हो करत होते.

६ ऑक्टोबर, रविवार

सगळं लिहून ठेवते.

मांडवात दीडेकशे मुलं, मास्तर, गावची बरीच माणसं. कनातीवर प्राण्यांची चित्रं. आधी सत्कार झाला. जानरावांच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजल्या. ते नारळ दोन्ही हातांत घट्ट धरून समोरच बसले. सासूबाईंनी डोळे पुसले.

मग मी उभी राहिले. पदर खांद्यावर टाकला. पुढच्या ओळीतली दोन पोरं रडायला लागली. मास्तर त्यांना बाहेर न्यायला उठले, मी म्हटलं, राहू द्या, थोड्या वेळानं सवय होते. आणि झाली.

सांगत गेले. मोहाच्या दिवसांत उजाडल्याशिवाय जाऊ नका. जाताना बोला, खाकरा, काठी आपटा. अस्वलाला दिसतं कमी, ते आपल्याला पाहून दचकतं. पिलं असली तर दूर व्हा. ती काही खुनशी नव्हती म्हटलं. मीच गुपचूप तिच्या अंगावर जाऊन पडले.

चौथीतली एक पोरगी उठली. नाव तिनंच सांगितलं, रुखमा. तिनं विचारलं, "मंग काकानं तिले कशी हाकलली?"

मुलांना खोटं सांगायला मी गेले नव्हते. खरं सांगायलाही नव्हते गेले. मी म्हटलं, कोणी हाकलली नाही. ती आपणच गेली.

"मंग काका कुठी होते?"

मी म्हटलं, "झाडावर."

जानरावांनी शाल काढली. नीट घडी केली, नारळ तिच्यावर ठेवला, दोन्ही खुर्चीवर ठेवून ते मांडवाबाहेर गेले. मी पुढं वारुळाचं सांगितलं.

७ ऑक्टोबर

ते काल घरी आले नाहीत. वावरातल्या खोपीत आहेत, असं शेजारून कळलं.

सासूबाई चुलीपुढं बसून एकच बोलल्या. "अडीच वर्स गप्प राह्यली. आनखी राह्यली असती तं काय झालं असतं?"

काय झालं असतं? काहीच नसतं झालं.

९ ऑक्टोबर

भाकरी सासूबाई नेऊन देतात. गावात पोट्टे जानरावांना बघून झाडाकडं बोट दाखवतात म्हणे. ते ऐकलं आणि मी ज्वारी निवडायला घेतली.

१३ ऑक्टोबर, रविवार

साहेबांनी विचारलं, दर रविवारी याल का? मुलं तुम्हालाच मागतात. गेले. बावीस मुलं. रुखमा माझं बोट धरून चालली, माझ्या डाव्या बाजूनं. तिकडचं मला दिसत नाही तर दगड आला की ती सांगायची. पाणवठ्यावर चितळांचा कळप दिसला. मुलं इतकी गप्प बसली की पाणी पिण्याचा आवाज आला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी जानराव गोधडी न्यायला आले. मी ज्वारी पाखडत होते. गोधडी काखेत मारली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"खरं बोलली तू," म्हणाले. या खेपेला तोंडाकडं बघून. सगळं बघितलं त्यांनी, डोळ्याची खाच, शिवण, हनुवटीपर्यंत. नजर वळवली नाही.

थांबा म्हणावं असं वाटलं. म्हटलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

मुलं पुढं गेल्यावर कडूबा थांबला. म्हणाला, लई दिसाचं मनात आहे, पण मले कोणी विचारलंच नाही. त्या पहाटे तो खालच्या नाल्यात होता. अस्वलाच्या आधी त्यानं माझा आवाज ऐकला. "'चढा तुम्ही,' म्हने. 'माह्यामांगं येईल ते, तुम्ही चढा.' दोनदा म्हनलं तुम्ही, अन् तुम्हीच पळाले झाडाच्या उलट्या अंगानं."

मी विचारलं, माझाच आवाज? तो म्हणाला, तिथं दुसरी बाई कोण होती?

मला आठवत नाही. पण जानरावांना आठवत असणार. अडीच वर्षं रोज.

खोपीकडं निघाले आहे. अजून ऊन आहे.