सिस्टरना कसं कळलं?

९ फेब्रु.
आज सहावा दिवस. लेक झोपलीय, म्हणून हात मोकळा. टाके ओढतात. पण डोक्यात दुसरंच.
त्या दिवशी दहा तास झाले होते कळा सुरू होऊन. सगळ्या पाठीत, कंबर तुटेल अशा. डॉक्टर म्हणाल्या, अजून तासभर बघू, नाहीतर सिझर. मग ड्यूटी बदलली, थोरात सिस्टर आल्या. पोटावरची चादर सरकवली, नुसतं बघितलं. मग हात लावला.
"बाळाचं तोंड वर आहे, पाठ तुझ्या पाठीकडे. चल, गुडघ्या-हातांवर हो. घोडा करतात तशी."
"इथे? कॉटवर?"
"मग काय बागेत?"
पाऊण तासाने कळा पाठीतून पुढे आल्या. दुपारी लेक. नॉर्मल.
पण हात लावायच्या आधीच त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा बघितला ना मी. कशावरून?

१७ फेब्रु.
सासूबाईंना त्या घोड्याचं विचारलं. शेक देता देता म्हणाल्या, "नीलेशचे टायमाला मना कोनी निजवली गो? मी उकिडवी बसलेली, आयशीचे गल्यात हात टाकून. बसल्यावं पोर खाली येतंय. निजल्यावं कसा येल?"
मग मला दहा तास आडवं का ठेवलं? सासूबाई म्हणाल्या, "तां तुजे डाक्टरीनला इचार."
नीलेश म्हणतो, झालं ना सगळं नीट, आता कशाला उकरतेस. उकरत नाहीये. कळत नाहीये म्हणून...

१८ मार्च
लेकीचा दीड महिन्याचा डोस. तिला नीलेशकडे दिलं आणि लेबर रूमच्या दाराशी उभी राहिले. थोरात सिस्टरनी ओळखलंच नाही. "घोडा" म्हटल्यावर हसल्या.
विचारलं, हात न लावता कसं कळलं?
"नाभीखाली पोट आत गेलं होतं. बशीसारखा खड्डा. बाळाची पाठ पुढे असली की तिथे पोट गोल दिसतं."
एवढंच? म्हणाल्या, "एवढंच बघायला मला सहा वर्षं लागली."
मी रबाळ्याच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासते, क्यूसीत. शंभर झाकणांत एक वाकडं असलं तर उचलायच्या आधी दिसतं. कसं, ते मलाही सांगता येत नाही. नावड्याला घरी येईपर्यंत गाडीत हेच डोक्यात. नीलेश दोनदा काहीतरी बोलला, ऐकलंच नाही.

३० मे
नणंद, सुजाता, बाळंतपणाला आली. नववा लागलाय. माझी नजर सारखी तिच्या पोटावर. "वहिनी, काय बघतेस गं?" काही नाही म्हटलं.

२ जून
घोळ केला. मोठा.
दुपारी सुजाता पंख्याखाली पडली होती. नाभीखाली खड्डा. स्पष्ट. मी बोलून गेले, तुझं बाळ माझ्या लेकीसारखंच आहे, तोंड वर करून. आत्तापासून गुडघ्यांवर हो. तिचा चेहरा पांढरा पडला. नवऱ्याला फोन, रडारड. सासूबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तू कोन सांगनारी?"
नीलेश उद्या सकाळी दवाखान्यात नेतोय तिला.

३ जून
सोनोग्राफी केली. बाळ अगदी जसं हवं तसं. पाठ पुढे.
थोरात सिस्टर होत्या. मीच जाऊन सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "लघवीला जाऊन आली होती का ती?"
मी विचारलंच नव्हतं.
"लघवीची पिशवी भरलेली असली की तसंच दिसतं. एका खुणेवर सांगून मोकळी झालीस?"
एका झाकणावरून मी कधी अख्खा लॉट रिजेक्ट केला नाही. इथे केला. तसं त्यांना म्हटलंही.
जाता जाता म्हणाल्या, "शिकायचं तर नीट शीक. नाहीतर झाकणंच बघ." रागाने नाही म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं.
गाडीत सुजाता पुढे बसली. मी मागे.

२६ जून
सुजाताला मुलगा. सगळं ठीक. माझ्याशी अजून मोजकंच बोलते.

१४ जुलै
नर्सिंगचा फॉर्म भरला. तीन वर्षं, मग काही वर्षं काम, मग सुईणकामाचा वेगळा कोर्स. वयाच्या अटीत बसते, जेमतेम. बारावी सायन्सचं मार्कशीट माहेरून, सानपाड्याहून आणलं.
नीलेशला भरल्यावर सांगितलं. चुकलं माझं. तो म्हणाला, "माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी सर्जन व्हायला निघालो होतो का?"
मला हसू आलं. त्याला नाही आलं.
म्हटलं, तुला त्या सर्जनने काय केलं ते कधी जाणून घ्यावंसं वाटलं?
"नाही."
मला वाटतं. तेवढाच फरक आहे.

८ ऑगस्ट
कामावर रुजू. झाकणं, झाकणं. हात आपोआप चालतो. शेजारची म्हणाली, तू हल्ली वाकडी झाकणं टाकून देण्याआधी उलटसुलट करून काय बघतेस? कुठे वाकलं ते बघते. पूर्वी नाही बघायचे.

१९ सप्टें.
यादी लागली. नाव आहे. पण कॉलेज पालघरकडे, आणि पहिलं वर्ष होस्टेल सक्तीचं. लेक साडेसात महिन्यांची. अंगावर पिते. गुरुवारपर्यंत कळवायचं.
सासूबाईंना सांगितलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मी बघन तिला. पन पोर आयशीला इसरंल, त्याचा काय?"
टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

२१ सप्टें.
कॉलेजचं पत्र नीलेशसमोर ठेवलं. त्याने दोनदा वाचलं. लेकीला उचललं, गॅलरीत गेला. मला वाटलं, झालं, आता नाहीच म्हणणार.
आत येऊन म्हणाला, "रविवारी घरी सोडतात का?"
माहीत नाही. कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला. वाजत राहिला.